खेळातले गाणे, गाण्यातले ग्रंथ
'जर्नी' या व्हिडिओ गेमच्या निमित्ताने एक अभ्यास



'ध चा मा करणे' हा वाक्प्रचार आपल्या घरांत अजून ऐकू येतो. ज्याला पेशवाईचा इतिहास ठाऊक आहे त्याच्यापुढे हे तीन शब्द ऐकताच एक संपूर्ण प्रसंग उभा राहतो. नारायणराव पेशव्यांचा खून १७७३ मध्ये झाला. त्यांना 'धरावे' असे लिहिलेल्या पत्रात आनंदीबाईंनी 'ध' चा 'मा' केला, अशी आख्यायिका आहे. ज्याला ही गोष्ट ठाऊक नाही त्याच्यासाठी मात्र ही नुसती दोन अक्षरे. 'विश्वास गेला पानिपतात' या म्हणीचेही तसेच. १४ जानेवारी १७६१ रोजी विश्वासराव पानिपतावर पडले, हे माहीत असले तरच त्या 'विश्वास' शब्दाचे दोन्ही अर्थ कळतात. त्याच रणांगणावर मल्हारराव होळकरही होते. म्हणजे आपल्या इंदूरकरांसाठी ही म्हण काही परगावची नाही.

थोड्या शब्दांत जुनी मोठी गोष्ट आठवून देणे, यालाच साहित्यात 'संदर्भ देणे' म्हणतात. आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. एका भाषेत शिकायचे आणि दुसऱ्या भाषेत घर चालवायचे, अशी ज्यांची रीत असते त्यांना एक गोष्ट लवकर समजते. शब्दाचा अर्थ कोशात सापडतो, संदर्भ कोशात सापडेलच असे नाही. 'भगीरथ प्रयत्न' हिंदीतही चालतो, मराठीतही चालतो. 'ध चा मा' मात्र हिंदीत नेला की गप्प होतो. तो बोलका ठेवायचा असेल तर कुणीतरी ती गोष्ट पुढच्या पिढीला सांगितलीच पाहिजे.

संदर्भ कसा ओळखावा, कसा शोधावा आणि त्याचा अर्थ कसा लावावा, हे आज आपण शिकणार आहोत. त्यासाठी उदाहरण मात्र पाठ्यपुस्तकातले घेतलेले नाही, एका व्हिडिओ गेमचे घेतले आहे. पालकसभेत व्हिडिओ गेमविषयी ज्या तक्रारी होतात त्या आम्हाला ठाऊक आहेत, आणि वेळ वाया जातो ही तक्रार खोटी नाही. पण ज्या वस्तूत मुलांचे लक्ष एवढे गुंतते तिच्यात वाचण्यासारखे काही आहे का, हे पाहणेही शिक्षकाचे कामच आहे.

खेळाची ओळख

या खेळाचे नाव 'जर्नी', म्हणजे प्रवास. अमेरिकेतील दॅटगेमकंपनी या संस्थेने तो तयार केला आणि मार्च २०१२ मध्ये प्लेस्टेशन ३ या यंत्रावर तो प्रसिद्ध झाला. पुढे २०१५ मध्ये प्लेस्टेशन ४ वर आणि २०१९ पासून संगणकावर व आयफोनवरही तो आला. शांघायमध्ये जन्मलेले आणि लॉस एंजेलिस येथे शिकलेले जिनोव्हा चेन हे त्याचे दिग्दर्शक. संगीत ऑस्टिन विंटोरी यांचे.

खेळ साधारण दोन तासांचा आहे. तांबड्या झग्यातला एक प्रवासी वाळवंटात उभा आहे. दूर एक उंच पर्वत दिसतो, त्याच्या शिखरातून उजेड येतो. तिथवर जायचे, एवढीच कथा. वाटेत जुन्या संस्कृतीचे भग्न अवशेष लागतात, अंधारी भुयारे लागतात, दगडी अंगाचे भयंकर उडते प्राणी लागतात आणि शेवटी बर्फ लागते. प्रवाशाच्या हातात शस्त्र नाही. गुण मिळत नाहीत, कुणाला हरवायचे नाही. संपूर्ण खेळात कुणी एक शब्दही बोलत नाही.

वाटेत कधी कधी दुसरा एक प्रवासी भेटतो. जगाच्या पाठीवर कुठेतरी बसून तोच खेळ खेळणारा तो खराखुरा माणूस असतो. त्याच्याशी बोलता येत नाही, लिहून काही कळवता येत नाही. फक्त एक सुरेल हाक देता येते. त्याचे नाव खेळ संपल्यावरच पडद्यावर दिसते. अनोळखी माणसांशी होणाऱ्या संभाषणाची ज्या पालकांना काळजी वाटते त्यांनी ही रचना लक्षात घ्यावी.

संगीत काय सांगते

शब्द नाहीत, म्हणून कथा सांगण्याचे बरेचसे काम संगीताकडे आले. चेलो हे व्हायोलिनच्या कुळातले मोठे वाद्य. ते गुडघ्यांमध्ये धरून वाजवतात आणि त्याचा आवाज माणसाच्या खर्जातल्या आवाजाच्या जवळचा असतो. या खेळात चेलो म्हणजे प्रवासी, आणि बाकीची वाद्ये म्हणजे त्याच्या भोवतालचे जग, अशी विंटोरी यांची योजना आहे. चेलोवादन टीना गुओ यांचे असून वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण मॅसिडोनियातील स्कोप्ये शहरात तेथील नभोवाणीच्या वाद्यवृंदाकडून करून घेतले आहे.

पाश्चात्त्य संगीतात 'कॉन्चेर्टो' नावाचा एक प्रकार आहे. त्यात एक वादक प्रमुख असतो आणि संपूर्ण वाद्यवृंद त्याच्याशी कधी संवाद करतो, कधी सामना करतो. 'जर्नी'चे संगीत एका मोठ्या चेलो कॉन्चेर्टोसारखे बांधलेले आहे. सुरुवातीला चेलो एकटा आहे, इलेक्ट्रॉनिक ध्वनींच्या धुक्यात वेढलेला. मग तो हळूहळू बाहेर येतो, आणि शेवटी वाद्यवृंदात मिसळून जातो. प्रवासी जसजसा पर्वताकडे जातो तसतशी ही वाटचाल सुरांतही होते. आरंभीचीच धुन निरनिराळ्या रूपांत पुन्हा पुन्हा भेटते. ख्याल ऐकताना मुखडा आला की आपण मान डोलावतो ना, तसाच ओळखीचा आनंद इथे मिळतो.

आणखी एक बारकावा आहे. दुसरा प्रवासी जवळ आला की हार्प आणि व्हायोला ही वाद्ये संगीतात मिसळतात, दूर गेला की ती थांबतात. सोबत आहे की नाही, हे डोळ्यांआधी कानाला कळते.

या संगीताला ग्रॅमी पुरस्काराचे नामांकन मिळाले. २०१३ च्या समारंभात पुरस्कार दुसऱ्याला गेला, पण व्हिडिओ गेमच्या संगीताला असे नामांकन मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. ग्रॅमीमध्ये या प्रकारासाठी स्वतंत्र पुरस्कार सुरू झाला तो २०२३ मध्ये.

पहिला संदर्भ : सुरावटींची नावे

आता संदर्भांकडे येऊ. या संगीताच्या तबकडीवर प्रत्येक सुरावटीला नाव आहे. त्यांतली काही नावे मराठीत अशी होतील : हाक, उंबरठा, कसोट्यांची वाट, मोह, प्रायश्चित्त, दिव्यत्वप्राप्ती. वाचताना ही नुसती सुंदर नावे वाटतात. पण एका विशिष्ट पुस्तकाची अनुक्रमणिका समोर ठेवली की खरी गोष्ट उघड होते.

ते पुस्तक म्हणजे अमेरिकन अभ्यासक जोसेफ कॅम्बेल यांचे १९४९ साली प्रसिद्ध झालेले 'द हीरो विथ अ थाउजंड फेसेस'. जगभरातल्या पुराणकथांतील नायकाचा प्रवास एकाच साच्याचा असतो, असा त्यांचा सिद्धांत आहे. नायकाला हाक येते, तो ओळखीच्या जगाचा उंबरठा ओलांडतो, कसोट्यांच्या वाटेवरून जातो, मोहाला सामोरा जातो आणि बदलून परत येतो. सुरावटींची नावे याच टप्प्यांवरून घेतलेली आहेत. म्हणजे 'हा प्रवास कोणत्या जातीचा आहे' हे संगीतकाराने तबकडीवरच लिहून ठेवले आहे.

या पुस्तकात आपल्या ओळखीची एक कथाही भेटते, ती मुचकुंदाची. देवांच्या बाजूने लढून थकलेल्या या राजाने वर म्हणून झोप मागून घेतली. त्याला जो जागे करील तो जळून जाईल, असे ठरले. श्रीकृष्णाचा पाठलाग करीत कालयवन त्या गुहेत शिरला आणि मुचकुंदाच्या दृष्टीने भस्म झाला. जागा झालेला राजा बाहेर येऊन पाहतो तो माणसे खुजी झालेली, युग बदललेले. तेव्हा तो राज्याकडे न वळता तपासाठी गंधमादन पर्वताकडे निघून गेला. काही नायक परत यायलाच नकार देतात, हे सांगण्यासाठी कॅम्बेल यांनी ही कथा घेतली आहे. आपली पुराणे परदेशी अभ्यासकाने एवढ्या बारकाईने वाचावीत आणि आपल्याला मुचकुंद हे केवळ फुलाचे नाव वाटावे, हे काही ठीक नाही.

दुसरा संदर्भ : एक गाणे, पाच भाषा

खेळाच्या अखेरीस प्रवासी बर्फात कोसळतो, पुन्हा उठवला जातो आणि शिखरावरच्या उजेडात चालत जातो. त्यानंतर नामावली सुरू होते आणि दोन तासांत प्रथमच मानवी शब्द ऐकू येतात. गायिका आहेत लिझबेथ स्कॉट. गाण्याच्या इंग्रजी शीर्षकाचा अर्थ 'मी याचसाठी जन्मले'.

लक्ष देऊन ऐकले तर भाषा मध्येच बदलते आहे हे कळते. संदर्भ आहे असे वाटण्याची ही पहिली खूण. गाण्यात लॅटिन, प्राचीन ग्रीक, जुनी इंग्रजी, फ्रेंच आणि जपानी अशा पाच भाषा आहेत. ओळी जुन्या थोर ग्रंथांतून आणि वचनांतून घेतलेल्या आहेत. आता प्रत्येक ठिकाणी तीन प्रश्न विचारू : हे कोण म्हणतो? केव्हा म्हणतो? आणि इथे का आणले?

लॅटिन ओळ व्हर्जिलच्या 'ईनिड' महाकाव्याच्या दहाव्या सर्गातली आहे. पॅलास नावाचा तरुण बलाढ्य शत्रूपुढे उभा राहतो आणि हर्क्युलिसची प्रार्थना करतो. त्याला आपण वाचवू शकत नाही म्हणून हर्क्युलिस रडू लागतो. तेव्हा देवराज ज्युपिटर त्याची समजूत घालतो की प्रत्येकाचा दिवस ठरलेला आहे, आयुष्य थोडे आहे, कर्तृत्वाने कीर्ती वाढवणे तेवढे माणसाच्या हाती आहे. दोन तासांत संपणाऱ्या प्रवासाला हे बोल किती लागू पडतात ते पहा.

ग्रीक ओळ होमरच्या 'इलियड'च्या नवव्या सर्गातली. अकिलीसपुढे दोन वाटा आहेत. घरी गेला तर दीर्घ आयुष्य, युद्धात राहिला तर मृत्यू आणि अखंड कीर्ती. ओळ आहे ती घरी परतण्याची वाट बंद होण्याविषयी. आपल्या प्रवाशालाही पर्वतावरून मागे फिरता येत नाही.

जुन्या इंग्रजीतली ओळ 'बेवुल्फ' काव्यातली. वीर बेवुल्फ समुद्र ओलांडून डेन्मार्कला मदतीसाठी येतो. किनाऱ्याचा पहारेकरी त्याला राजवाडा दिसेपर्यंत वाट दाखवतो आणि आता आपण परत पहाऱ्यावर जातो, असे सांगून निरोप घेतो. हे पात्र अगदी लहान आहे, त्याचे नावही काव्यात नाही. पण खेळात आपल्याला भेटणारा तो अनाम सोबती आठवा. तोही थोडी वाट दाखवतो आणि निघून जातो. पाच संदर्भांत आम्हाला हा सर्वांत जास्त आवडला.

जपानी ओळी बाशो या कवीच्या हायकूतल्या. बाशो १६९४ मध्ये वारले, आणि हा हायकू त्याच वर्षीच्या शरदातला. त्यात एक वाट आहे, त्या वाटेवर कुणी नाही आणि संध्याकाळ झाली आहे. एवढेच. वाळवंटातल्या एकट्या प्रवाशाचे चित्र तीनशे वर्षांपूर्वीच काढून ठेवले होते, असे वाटते. हायकू हा प्रकार मराठीत रुजवण्याचे श्रेय शिरीष पै यांना दिले जाते, त्यांचे हायकू आपल्यापैकी अनेकांनी वाचले असतील.

फ्रेंच शब्द जोन ऑफ आर्क हिच्या नावाने सांगितले जातात. गाण्याचे शीर्षकही तिथलेच. सुमारे १४१२ मध्ये जन्मलेली ही खेड्यातली मुलगी १४२९ मध्ये ऑर्लेआँच्या वेढ्यात फ्रेंच सैन्याबरोबर उभी राहिली, आणि ३० मे १४३१ रोजी रूआँ शहरात तिला जिवंत जाळण्यात आले.

देव, योद्धा, पहारेकरी, कवी आणि शेतकऱ्याची पोर. पाच जण, पाच भाषा, आणि सर्वांचा विषय एकच : निघून जाण्याची वेळ. गाणे न कळताही गोड लागते. कळल्यावर मात्र त्या एकट्या प्रवाशाच्या मागे केवढी माणसे उभी आहेत ते दिसते.

साम्य आणि संदर्भ यांत फरक करा

हा भाग परीक्षेच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे. 'जर्नी' पाहताना आपल्याला पंढरीची वारी आठवेल, कैलासाची यात्राही आठवेल. आठवणे अगदी योग्य आहे. पण 'या खेळात वारीचा संदर्भ आहे' असे उत्तरपत्रिकेत लिहिणे चूक ठरेल. संदर्भाला पुरावा लागतो. सुरावटींची नावे हा कॅम्बेल यांच्या पुस्तकाचा पुरावा आहे. गाण्यातले शब्द हा इलियड आणि बेवुल्फचा पुरावा आहे. वारीचा असा पुरावा नाही, म्हणून ते साम्य. मुचकुंदाचे उदाहरण आणखी नाजूक आहे. तो कॅम्बेल यांच्या पुस्तकात आहे आणि पुस्तकाची छाया खेळावर आहे, तरी खेळाने मुचकुंदाचा संदर्भ दिला असे त्यावरून म्हणता येत नाही. आपले ते सगळीकडे दिसू लागणे ही प्रेमाची खूण असेल, अभ्यासाची नव्हे. 'मला हे आठवले' आणि 'लेखकाने हे सुचवले' ही दोन वाक्ये वेगळी ठेवायला शिका.

ग्रंथ टिकतात कसे

शेवटी एक मुद्दा पालकांसाठी आणि विश्वस्त मंडळासाठी.

त्या गाण्यातल्या दोन ग्रंथांची कहाणी पहा. व्हर्जिल वारला इसवी सनापूर्वी १९ मध्ये. त्याचे महाकाव्य रोमन शाळांत शिकवले जाऊ लागले आणि पुढे युरोपातल्या शाळांत शतकानुशतके शिकवले गेले. पिढ्यान् पिढ्या मुलांनी ते पाठ केले, काहींनी नक्कीच कंटाळत केले असेल, पण केले. 'बेवुल्फ'ची गोष्ट उलटी. सुमारे हजार वर्षांपूर्वीची त्याची एकच हस्तलिखित प्रत उरली. १७३१ मध्ये लंडनमध्ये ती जिथे ठेवली होती त्या वास्तूला आग लागली आणि प्रतीच्या कडा होरपळल्या. ती पोथी वाचली म्हणून तो अनाम पहारेकरी आज गाण्यात आहे. एक ग्रंथ शाळांनी टिकवला, दुसरा नशिबाने वाचला.

मराठीचे या शहरात काय व्हावे, हा आपल्या शाळेपुढचा प्रश्नही असाच आहे. मुले बाजारात हिंदी बोलतात, संगणकावर इंग्रजी वाचतात. त्यात दुःख मानण्यासारखे काही नाही, आम्ही स्वतः दोन भाषांत वाढलो आणि दोन्हींनी आम्हाला दिलेच. पण मराठी घरात फक्त जेवणाखाण्यापुरती उरली तर तिचे संदर्भ आधी जातात आणि शब्द मागाहून जातात. 'ध चा मा' मधली गोष्ट गेली की ती दोन अक्षरेही फार दिवस राहत नाहीत. उद्या आपल्यातलाच एखादा विद्यार्थी खेळ तयार करील, संगीत देईल, चित्रपट काढील. तेव्हा आपले काही त्यात घालावे असे त्याला वाटले, तर हाताशी काय असेल? आज वर्गात जे ऐकले तेच. म्हणून ग्रंथालयाच्या तासाला कात्री लावण्याचा विचार जेव्हा कधी पुढे येईल तेव्हा या दोन ग्रंथांची आठवण ठेवावी, अशी विश्वस्तांना आमची विनंती आहे.

पालकांनी हा खेळ विकत घेतलाच पाहिजे असे नाही. नुसते गाणे ऐकले तरी हा पाठ पूर्ण होतो. खेळायचाच असेल तर एका सुट्टीच्या दिवशी मुलांबरोबर बसून दोन तासांत पूर्ण करावा आणि मग यंत्र बंद करावे.

स्वाध्याय

१. आजीआजोबांकडून असे तीन वाक्प्रचार मिळवा ज्यांच्यामागे गोष्ट आहे. गोष्ट पाच ओळींत लिहा.

२. त्याच अर्थाचा हिंदी वाक्प्रचार सापडतो का पहा. सापडला तर त्यामागची गोष्ट तीच आहे का, ते लिहा.

३. बेवुल्फमधील पहारेकरी आणि खेळातील सोबती यांच्यातील एक साम्य आणि एक फरक सांगा.

४. तुम्ही पाहिलेल्या एखाद्या चित्रपटातील किंवा खेळातील एक संदर्भ आणि एक नुसते साम्य शोधा. संदर्भ असल्याचा पुरावा द्या.

५. इयत्ता नववी व दहावीसाठी : 'निघण्याची वेळ' या विषयावर गाणे करायचे झाले तर मराठीतील कोणत्या पाच ग्रंथांकडे तुम्ही जाल? ओळी लिहू नका. कोण, केव्हा आणि इथे का, एवढेच सांगा.

पाचव्या प्रश्नाची उत्तरे वर्गशिक्षकांमार्फत आमच्याकडे पोचवावीत. निवडक उत्तरे पुढील अंकात छापू.